संयम शिकवता येतो का?

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखरूप पाठ)



शताब्दीच्या या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण देताना कार्यवाहांनी विषयाची निवड माझ्यावर सोपवली होती. मी मराठी शिकवणारा मनुष्य. संतवाङ्मयावर किंवा माळव्यातील मराठी कवितेवर बोलेन, अशीच त्यांची कल्पना असणार. मी सुचवलेला विषय ऐकून ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सर, श्रोत्यांत मुलेबाळे असतील, वडीलधारी मंडळी असतील." मी म्हणालो, "त्यांच्यासाठीच तर बोलायचे आहे."

या विषयाला निमित्त आपल्याच ग्रंथालयाचे आहे. शताब्दीनिमित्त १३ ते १८ या वयाच्या वाचकांसाठी स्वतंत्र किशोर विभाग काढण्याचे कार्यकारिणीने ठरवले, हे आपण जाणताच. त्या विभागात वयात येण्यासंबंधीची पुस्तके असावीत की नसावीत, यावर सभासदांची पत्रे आली. काहींनी लिहिले, अशी पुस्तके मुळीच नकोत. काहींनी लिहिले, पुस्तके ठेवा. मात्र त्यांत केवळ संयमाचा उपदेश असावा, विवाहापूर्वी दूर राहावे एवढेच सांगितलेले असावे, त्यापुढची माहिती नको. हे दुसरे मत मला सहज बाजूला सारता येईना. ते लिहिणारे मुलांच्या हिताचीच चिंता वाहत आहेत. म्हणून मी स्वतःलाच विचारले : केवळ संयम शिकवल्याने मुले संयमी होतात का? याचे उत्तर आवडीनिवडीने द्यायचे नाही. ते कोणी तपासून पाहिले आहे काय, हे शोधायचे.

प्रथम एक जुनी आठवण सांगतो. १९८६ साली मी सोळा वर्षांचा होतो आणि याच इमारतीत रोज सायंकाळी येत असे. दक्षिणेच्या भिंतीला एक लोखंडी कपाट होते. त्याला कुलूप असे. त्यात 'समाजस्वास्थ्य'चे काही बांधीव अंक आहेत, असे आम्हा मुलांना ऐकून माहीत होते. एक दिवस धीर करून मी ते मागितले. त्या वेळचे ग्रंथपाल सज्जन गृहस्थ होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे सांगितले, "वडिलांची चिठ्ठी आण." वडिलांकडे अशी चिठ्ठी मागण्याचे धैर्य मला झाले नाही. मला जे हवे होते ते मी पुढे रेल्वे स्थानकाबाहेरच्या पदपथावरून, पिवळ्या वेष्टनातल्या पुस्तकांतून मिळवले. त्यातले बहुतेक सर्व खोटे होते, हे कळायला पुढची दहा वर्षे गेली. ग्रंथपालांना मी दोष देत नाही. परंतु त्या कुलपाने माझे कुतूहल थांबवले नाही. ते दुसऱ्या दुकानात पाठवले, एवढेच.

त्या कपाटातल्या मासिकाचे संपादक रघुनाथ धोंडो कर्वे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र काढले. या कार्यापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवले. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ साली त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. कर्व्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की शरीराचे ज्ञान हे इतर ज्ञानासारखेच ज्ञान आहे, आणि ते लपवून नीती वाढत नाही.

याच काळात दुसरी बाजूही तितक्याच तळमळीने मांडली जात होती. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतील संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन महात्मा गांधींना भेटल्या. साधनांचा मार्ग गांधीजींना मान्य नव्हता. आत्मसंयम हाच खरा मार्ग, ही त्यांची भूमिका होती. दोघांचे एकमत झाले नाही. हा वाद मुख्यतः प्रौढ विवाहितांविषयीचा होता, किशोरवयीनांविषयीचा नव्हता; परंतु आज आपल्या सभासदांच्या पत्रांत जे दोन पक्ष दिसतात, त्यांची मुळे तिथवर जातात. संयम की ज्ञान, असा तो वाद आपल्याकडे तत्त्वाच्या पातळीवर राहिला. प्रत्यक्ष कसोटीला लागला तो मात्र अमेरिकेत, आणि तोही किशोरवयीन मुलामुलींच्या बाबतीत. म्हणून आता मला आपल्याला थोडा वेळ तिकडे न्यायचे आहे.

१९९६ साली अमेरिकेच्या संघराज्य सरकारने एका कायद्यान्वये संयमशिक्षणासाठी दरवर्षी ५ कोटी डॉलरची तरतूद केली. चार सरकारी डॉलरमागे राज्याने तीन डॉलर घालावेत, अशी अट होती. असे शिक्षण म्हणजे काय, याची आठ कलमी व्याख्याच कायद्यात होती. विवाहबाह्य संबंध शरीराला व मनाला अपायकारक ठरण्याचा संभव असतो, आणि विवाहातील एकनिष्ठ संबंध हेच अपेक्षित प्रमाण होय, असे शिकवणे त्यात अभिप्रेत होते. निरोधासारख्या साधनांचा उल्लेख करायचाच तर ती कशी निकामी ठरतात एवढ्यापुरता. कॅलिफोर्नियाने हा पैसा प्रारंभापासूनच घेतला नाही. पुढे इतरही अनेक राज्यांनी तो नाकारला. परंतु बहुसंख्य राज्यांनी वर्षानुवर्षे तो घेतला आणि लक्षावधी मुले त्या वर्गांत बसली.

याच सुमारास, १९९३ पासून, काही ख्रिस्ती पंथांच्या पुढाकाराने कौमार्याच्या शपथेची चळवळ सुरू झाली. मुलेमुली विवाहापर्यंत संयम पाळण्याची प्रतिज्ञा एका कार्डावर लिहून सही करीत. १९९४ च्या जुलैमध्ये वॉशिंग्टनच्या मध्यवर्ती मैदानावर अशी दोन लाखांहून अधिक कार्डे मांडण्यात आली होती. ते दृश्य भारावून टाकणारे असले पाहिजे. मुलांचा प्रामाणिकपणाही मी शंकास्पद मानीत नाही. प्रश्न आहे तो पुढे काय झाले याचा.

सरकारी पैशाच्या कार्यक्रमांचे मूल्यमापन करण्याचे काम अमेरिकेच्या संसदेनेच लावून दिले होते. त्याचा अंतिम अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. चार ठिकाणचे चार कार्यक्रम निवडले होते. मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केली होती : काहींना संयमशिक्षण मिळाले, काहींना ते मिळाले नाही. अशा विभागणीचा लाभ असा की दोन गटांत पुढे फरक दिसला, तर तो शिक्षणाचाच मानता येतो. घरच्या संस्कारांचा वा आर्थिक परिस्थितीचा नव्हे. २,०५७ मुलांचा चार ते सहा वर्षांनी पुन्हा शोध घेण्यात आला. तेव्हा त्यांचे सरासरी वय साडेसोळा होते. ज्यांना शिक्षण मिळाले त्यांच्यापैकी ४९ टक्के तोवर संबंधांपासून दूर होते. ज्यांना मिळाले नाही त्यांच्यापैकीही ४९ टक्केच. ज्यांचा संबंध आला होता त्यांचे त्या वेळचे सरासरी वय दोन्ही गटांत १४.९ वर्षे. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की साधने न वापरण्याचे प्रमाणही या शिक्षणाने वाढले नव्हते. म्हणजे ते हानिकारक ठरले असे हा अहवाल म्हणत नाही. निष्फळ ठरले, एवढेच म्हणतो.

शपथेची कहाणी अधिक विचार करायला लावणारी आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की शपथ घेणारी काही मुले इतरांपेक्षा उशिरा संबंधांकडे वळली. परंतु ज्या शाळेत शपथ घेणारे थोडे होते तिथेच. शपथ घेणे हे वेगळेपण होते, तोवर तिला बळ होते. सगळ्यांनीच ती घेतली की बळ सरले. पुढे २००९ साली जॅनेट रोझेनबाउम या संशोधिकेने शपथ घेतलेल्या २८९ मुलांची तुलना शपथ न घेतलेल्या, पण धर्मभावना, घरचे वातावरण, मते यांत त्यांच्याशी जुळणाऱ्या ६४५ मुलांशी केली. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांच्या वर्तनात फरक नव्हता. शपथ घेतलेल्यांपैकी ८२ टक्क्यांनी तर आपण अशी शपथ कधी घेतलीच नव्हती असे सांगितले. फरक एकाच गोष्टीत होता : संबंध आले तेव्हा शपथवाल्यांनी संरक्षणाची साधने कमी वापरली. ज्याने "मी जाणारच नाही" असे ठरवलेले असते, तो वाटेची तयारी कशाला करील?

आणि शिकवले काय जात होते? २००४ साली अमेरिकी संसदेचे सदस्य हेन्री वॅक्समन यांच्यासाठी तयार झालेल्या अहवालात प्रचलित १३ अभ्यासक्रम तपासले होते. त्यांपैकी ११ मध्ये खोटी वा दिशाभूल करणारी माहिती आढळली. घाम आणि अश्रू यांतूनही एच.आय.व्ही.चा धोका असतो, असे एका पुस्तकात सुचवलेले होते. ज्या शिक्षकाने मुलाला एक गोष्ट खोटी सांगितली, त्याच्या दहा खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास मूल गमावते. शिक्षक म्हणून ही बाब मला सर्वांत गंभीर वाटते.

श्रोतेहो, येथवर ऐकून कोणाला वाटेल की मी संयमाच्या विरुद्ध बोलत आहे. तसे नाही. याच संशोधनात एक प्रयोग असा आहे की तो प्रामाणिक माणसाने झाकून ठेवता कामा नये. २०१० साली जॉन जेमट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६६२ कृष्णवर्णीय शाळकरी मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मुले सहावी-सातवीतली, सरासरी बारा वर्षांची. एका गटाला केवळ संयमाचे शिक्षण दिले. दोन वर्षांनी त्या गटातील सुमारे ३३.५ टक्के मुलांचा संबंध आलेला होता, तर केवळ सामान्य आरोग्याचे धडे मिळालेल्या गटात ४८.५ टक्के. फरक लहान नाही. परंतु हे शिक्षण १९९६ च्या कायद्याच्या साच्यातले नव्हते. त्यात "विवाहापर्यंत थांबा" असे म्हटले नव्हते. "तुम्ही सिद्ध होईपर्यंत थांबा" असे म्हटले होते. त्यात पापाची भाषा नव्हती, साधनांची निंदा नव्हती. घाईचे परिणाम कोणते, आपली पुढची स्वप्ने कोणती, नकार कसा द्यावा, हे मुलांकडूनच बोलवून घेतले होते. तात्पर्य असे की संयमाचे शिक्षण निरुपयोगी नाही. लहान वयात, खरे बोलून, भीती न घालता ते दिले तर उपयोग होतो. निरुपयोगी ठरते ते संयमाच्या नावाने दिलेले अज्ञान.

आता उलट बाजू. पूर्ण माहिती दिली तर मुले बिघडतात काय? डग्लस कर्बी यांनी २००७ साली संयम आणि साधने या दोहोंचे शिक्षण देणाऱ्या ४८ कार्यक्रमांचा आढावा घेतला. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश कार्यक्रमांचा मुलांच्या वर्तनावर चांगला परिणाम दिसला. काही ठिकाणी तर मुलांनी अधिक काळ धीर धरला. माहितीने घाई वाढते ही समजूत तेथे खरी ठरली नाही. अमेरिकेत १५ ते १९ वयाच्या दर हजार मुलींमागे जन्मांचे प्रमाण १९९१ साली ६१.८ होते, ते २०२० साली १५.४ वर आले. १९९५ ते २००२ या काळात या वयाच्या मुलींमध्ये गर्भधारणेचा धोका जो घटला, त्याचा एका अभ्यासाने हिशेब मांडला. त्यातील १४ टक्के श्रेय संबंधांपासून दूर राहण्याला आणि ८६ टक्के साधनांच्या अधिक चांगल्या वापराला होते. संयमाचा वाटा त्यात आहे, पण तो सातवा हिस्सा आहे.

हे असे का होते, याचे मला सुचलेले एक कारण हिशेबाचे आहे. शरीर तेराव्या-चौदाव्या वर्षी जागे होते. १९९६ च्या सुमारास अमेरिकेत पहिल्या विवाहाचे वय मुलींचे सुमारे २५ आणि मुलांचे सुमारे २७ होते. मधल्या दहाबारा वर्षांसाठी "थांबा" या एका शब्दाशिवाय काहीच हाती न देणे म्हणजे लांबच्या प्रवासाला निघालेल्याला शिदोरीऐवजी उपवासाचे महत्त्व सांगणे होय.

दुसरे कारण लज्जेचे आहे. एलिझाबेथ स्मार्ट नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीचे २००२ साली अमेरिकेतील युटा राज्यात अपहरण झाले. नऊ महिने ती अत्याचार सोसत होती. सुटका झाल्यावर काही वर्षांनी, २०१३ साली, तिने एका भाषणात सांगितले की शाळेत एका शिक्षिकेने विवाहापूर्वीच्या संबंधांची तुलना चघळून टाकलेल्या च्युइंगगमशी केली होती. अत्याचार झाल्यावर तिला तेच आठवले. आपण आता टाकाऊ झालो, असे वाटले. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. कारण बाईची अब्रू म्हणजे काचेचे भांडे, हे आपण आपल्या लेकींना किती सहज सांगत आलो! भांडे फुटले तर फोडणाऱ्याला विचारायचे की भांड्याला? नुसता संयमाचा उपदेश समोरच्या मुलाला संभाव्य अपराधी समजतो. ते मूल अपराधाचे बळी असू शकते, हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

आणि ही केवळ अमेरिकेची गोष्ट नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ बालकांशी बोलणे झाले होते. त्यांपैकी ५३ टक्क्यांहून अधिक बालकांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले. निम्म्या वेळा तो करणारा ओळखीचा वा विश्वासातला होता. २०१२ साली बालकांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण तक्रार करायला मुलाजवळ शब्द हवेत. ज्या अवयवांची नावे आपण उच्चारू दिली नाहीत, त्यांच्याविषयीची तक्रार ते कोणत्या भाषेत करणार? मी भाषेचा शिक्षक आहे; शब्द नसणे म्हणजे काय, हे मला कळते.

गंमत अशी की ज्या २००७ साली अमेरिकेत तो अहवाल निघाला, त्याच वर्षी आपल्याकडे शाळांतील किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावर गदारोळ झाला, आणि मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक यांसह अनेक राज्यांनी तो थांबवला. २००९ साली राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळांत लैंगिक शिक्षण नको आणि विवाहापूर्वी संबंध नको हा संदेश मुलांना द्यावा, असे मत दिले. एका देशात जे औषध गुणकारी नाही असे ठरले, तेच आपण त्या सुमारास लिहून देत होतो.

आपली परिस्थिती वेगळी आहे, हे मान्य. पण ती कोणत्या दिशेने वेगळी आहे, तेही पाहावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २० ते २४ वयाच्या २३ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झालेला होता. "विवाहापर्यंत थांबा" हा उपदेश या मुलींना काय देतो? त्यांचा विवाहच थांबलेला नसतो. त्यांना ज्ञानाची गरज सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक.

शेवटी माझ्याच अपयशाची एक गोष्ट. १९९८ साल असावे. देवासकडच्या एका खेड्यातला मुलगा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होता. एक दिवस तास संपल्यावर तो थांबला. बराच वेळ खाली मान घालून त्याने सांगितले की त्याला स्वप्नदोष होतो, आपले शरीर पोखरले जात आहे अशी त्याची खात्री झाली आहे, आणि भिंतीवरची जाहिरात पाहून तो एका वैद्याकडून पुड्या घेत आहे. परीक्षेचे शुल्क त्यातच गेले होते. हा रोग नाही, या वयात निसर्गाने होणारी गोष्ट आहे, हे एक वाक्य मला ठाऊक होते. ते मी उच्चारू शकलो नाही. मी त्याला ब्रह्मचर्याचे महत्त्व सांगितले, पहाटे उठून व्यायाम कर म्हणालो, आणि सद्वर्तनावरचे एक पुस्तक हाती दिले. म्हणजे ज्या अपराधभावनेने तो खचला होता, तिच्यावर मी माझ्या हाताने आणखी एक दगड ठेवला. दिवाळीनंतर तो महाविद्यालयात आला नाही. पुष्कळ वर्षांनी बसस्थानकावर भेटला. आईच्या पाटल्या विकून तीन वर्षे पुड्या घेतल्या, असे त्याने सांगितले. मग हसून म्हणाला, "सर, त्या दिवशी नुसते म्हणाला असता, की घाबरू नकोस, हा आजार नाही!" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तेच मला अधिक लागले.

म्हणून किशोर विभागाविषयी माझी विनंती अशी. संयमाचा संस्कार देणारी पुस्तके तेथे अवश्य असावीत. त्यांच्या शेजारीच डॉ. विठ्ठल प्रभूंच्या 'निरामय कामजीवन'सारख्या जाणत्या वैद्यांनी लिहिलेल्या ग्रंथांतून वयाला साजेशी निवड व्हावी. ती निवड डॉक्टर, शिक्षक आणि दोन माता यांच्या समितीने करावी. चिठ्ठीची अट नसावी. कपाटाला कुलूप नसावे. आणि ज्या सभासदांनी आक्षेपाची पत्रे लिहिली, त्यांनाच मी विनवतो की त्या समितीत त्यांनी यावे, पुस्तके वाचावीत, जे वावगे वाटेल ते दाखवावे. त्यांची चिंता मला परकी नाही. माझीही मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिने धीर धरावा असे मलाही वाटते. पण तो धीर तिला भीतीतून नव्हे, जाणतेपणातून यावा. अज्ञानाने राखलेला संयम पहिल्या मोहालाच ढासळतो. जाणून राखलेला संयमच आपला असतो.

दक्षिणेच्या भिंतीजवळचे ते लोखंडी कपाट अजून आहे. परवा मी ते पाहून आलो. त्यात आता जुन्या इतिवृत्तांच्या वह्या असतात आणि किल्ली कोठे आहे, हे कोणालाच ठाऊक नाही. ती शोधण्याचे कष्ट कोणी घेऊ नयेत.